टॅरिफची पावती नेमकी कुणाच्या नावावर फाटते?

वजाबाकी

बातम्या लावल्या की टॅरिफ, म्हणजे आयात मालावरचं शुल्क. अमुक देशाने तमुकवर इतके टक्के लावले, मग तमुकने उलट लावले. ऐकताना वाटतं, एक सरकार दुसऱ्या सरकारच्या घरी बिल पाठवतंय. ते बिल कुणाच्या टेबलावर येऊन पडतं ते मला माहीत आहे. माझ्या.

आमचं सहा माणसांचं वर्कशॉप आहे. टाकी भरली की पंप बंद करणारे कंट्रोलर बनवतो. डबा, वायरिंग, जोडणी, टेस्टिंग आमचं. आतला रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि सेन्सर परदेशातून येतात. शुल्क वाढल्याचं मला पेपर वाचून कळलंच नाही, कळलं बंदरातून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटच्या मेलमधून. माल पोचलाय, वाढीव ड्यूटी भरा, मग सोडवू. तोवर गोदामाचं भाडं चालू. माल हातात नाही, एक नग विकलेला नाही, पैसे मात्र आज हवेत. आणि गिऱ्हाईकाला दर तीन महिन्यांपूर्वी लेखी देऊन बसलोय.

तर प्रश्न असा, की हा भार शेवटी कोण उचलतं? परदेशी विकणारा, मी, की माझं गिऱ्हाईक? आणि हे सगळं देशी उद्योगाच्या भल्यासाठी म्हणतात, तर मी पण देशी उद्योगच आहे की. माझं भलं कुठल्या बंदरात अडकलंय?

दुपारची झोप

जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवतो.

कोरा कागद

वीसेक वर्षं कस्टमचे कागद रंगवतोय, म्हणून आधी कोरडं उत्तर. कायद्याने शुल्क भरतो तो आयातदार. ज्याच्या नावाने कागद दाखल होतात, तो. परदेशी सरकार एक पैसा भरत नाही. परदेशी कंपनीही भरत नाही, तिने स्वतःच आयातदार व्हायचं ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी.

आता हिशोब. मालाची किंमत १०० धरा. बहुतेक देशांत शुल्क नुसत्या मालावर लागत नाही, जहाजभाडं आणि विमा मिळवून लागतं (अमेरिका इथे अपवाद, तिथे भाडं धरत नाहीत). भाडं-विमा १० असेल तर झाले ११०. त्यावर २५ टक्के शुल्क म्हणजे २७.५०. पुढे जीएसटी किंवा व्हॅट जो असेल तो ११० वर लागत नाही, १३७.५० वर लागतो. करावर कर. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला पुढे वजा करून मिळतो, शुल्क मिळत नाही. ते किमतीत मुरतं.

वजाबाकी, तुमच्या मेलमधला खरा बोचरा भाग टक्क्यांचा नाहीच. 'आज भरा' हा आहे. मोठ्या कंपनीला उधारीवर शुल्क भरायची सोय असते, बॉण्डेड गोदाम असतं. माल तिथे शुल्क न भरता ठेवायचा आणि लागेल तसा शुल्क भरून सोडवायचा. सहा माणसांच्या वर्कशॉपला बँक याच कामासाठी ओव्हरड्राफ्ट वाढवून देते का, विचारून बघा.

वजाबाकी

विचारलं. तारण मागतात.

खिडकीतली सीट

मी नुसती गिऱ्हाईक, धंद्यातलं काही कळत नाही. पण शुल्क २७.५० चं असेल तर दुकानातली किंमत त्याहून जास्त का वाढते? शुल्काच्या नावाखाली मधले लोक हात धुवून घेतात असा माझा दाट संशय आहे. वाढल्या की लगेच वाढतात, उतरताना मात्र कुणाला घाई नसते.

कोरा कागद

संशय अगदीच चुकीचा नाही, पण पूर्ण बरोबरही नाही. वरचाच आकडा पुढे नेऊ. आयातदार २० टक्के चढवतो, दुकानदार ३० टक्के. शुल्क नसताना ११० चे होतात १३२, मग १७१.६०. शुल्क धरून १३७.५० चे होतात १६५, मग २१४.५०. फरक ४२.९० चा. भरलं २७.५०, तुमच्यापर्यंत आलं ४३ च्या आसपास.

नफेखोरी म्हणाल तर म्हणा. पण दुकानदाराचं व्याज, तुटफूट, परत आलेला माल, बुडीत उधारी हे सगळं मालाच्या खरेदीकिमतीवर चालतं. माल महाग झाला की तेवढ्याच नगांत जास्त पैसा अडकतो. म्हणून तो टक्क्यांनी विचार करतो.

वजाबाकी

आणि कागदावर २० टक्के असतात हो. प्रत्यक्षात गिऱ्हाईक समोर बसून मान हलवतं तेव्हा ते १२ वर येतात. या वेळचा वाढीव भार मी अर्धाअधिक स्वतःच गिळलाय.

शाईचा डाग

अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे लांबण लागणार, आधीच माफी.

तुमच्या तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि ते मोजलं गेलंय. २०१८ मध्ये अमेरिकेने स्टील, ॲल्युमिनियम आणि चिनी मालावर शुल्कं लावली. मेरी अमिटी, स्टीफन रेडिंग आणि डेव्हिड वाइनस्टाइन या अर्थतज्ज्ञांनी सीमेवरच्या किमती तपासल्या. विकणाऱ्याने आपली किंमत जवळजवळ उतरवलीच नव्हती. म्हणजे भार जवळजवळ पूर्णपणे आयात करणाऱ्या देशात आला. स्टीलच्या बाबतीत पुढे वर्षभराने परदेशी कारखान्यांनी दर खाली आणले, तेव्हा थोडा भार तिकडे सरकला. गीता गोपीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदर आणि दुकान दोन्ही ठिकाणच्या किमती लावून पाहिल्या. बंदरावरच्या किमतीत शुल्क जवळपास सगळं चढलं होतं, पण दुकानातल्या किमती त्या मानाने कमी वाढल्या होत्या. मधला फरक दुकानदार आणि आयातदारांच्या नफ्यातून गेला. वजाबाकी, ते 'गिळणं' हेच.

पण माझं आवडतं उदाहरण वॉशिंग मशीनचं. वर्गात दर वर्षी सांगते.

२०१२ साली अमेरिकेने कोरिया आणि मेक्सिकोहून येणाऱ्या मशीनवर शुल्क लावलं. कंपन्यांनी काय केलं? कारखाना चीनमध्ये हलवला. मग चीनवर लावलं, तर थायलंड आणि व्हिएतनाममध्ये. प्रत्येक वेळी मशीन दुसऱ्या वाटेने हजर, किमतीला फारसा धक्का नाही. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये जवळपास सगळ्याच देशांवर लावलं. पहिल्या १२ लाख नगांवर २० टक्के, त्यापुढच्यांवर ५०. आता पळायला जागा उरली नाही आणि किमती चढल्या, साधारण १२ टक्क्यांनी.

खरी गंमत ड्रायरची. ड्रायरवर शुल्क नव्हतंच. तरी ड्रायरही तितकेच महागले, कारण तिकडे लोक जोडी विकत घेतात. विकणाऱ्यांनी वाढ दोघांवर वाटून टाकली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! आणि ज्या देशी मशीनवर शुल्क लागायचा प्रश्नच नव्हता, त्यांच्याही किमती वाढल्या. शेजारच्याचं महागलं तर आपण स्वस्त कशाला विकायचं?

आरन फ्लान, अली होर्टाचसू आणि फेलिक्स टिंटेलनॉट यांनी याचा हिशोब मांडला. गिऱ्हाइकांच्या खिशातून वर्षाला सुमारे दीड अब्ज डॉलर जादा गेले, तिजोरीत शुल्क म्हणून आले ८.२ कोटी. नोकऱ्या मात्र खरंच आल्या, सॅमसंग आणि एलजीने अमेरिकेत कारखाने काढले. सगळ्या मिळून सुमारे १८०० नोकऱ्या. एका नोकरीमागे गिऱ्हाइकांनी मोजले वर्षाला ८ लाख १५ हजार डॉलर.

दुपारची झोप

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्या १८०० जणांना घरबसल्या निम्मे पैसे दिले असते तरी सगळे खूश. (हलकं घ्या.)

शाईचा डाग

अजून बाकी आहे. ज्या अमेरिकी कंपनीने हे शुल्क मागून घेतलं, त्या व्हर्लपूललाच दोन महिन्यांत स्टीलवरच्या २५ टक्क्यांचा फटका बसला. मशीनचं अंग स्टीलचं. एका हाताने घेतलं, दुसऱ्याने दिलं.

ऐरण

शांतपणे वाचत होतो. आता बोलतो.

मी फाउंड्रीत होतो. आमच्याकडे ओतलेला पार्ट बाहेरून येणाऱ्या पार्टपुढे महाग पडायला लागला. आधी ओव्हरटाइम बंद, मग दुसरी पाळी, मग भट्टी. भट्टी थंड पडली की पुन्हा पेटवणं सोपं नसतं. आतलं अस्तर तडकतं, ते नव्याने चढवावं लागतं. मालकाने नाही चढवलं. सव्वाशे माणसं होती. त्यातला साचे बनवणारा मोल्डर, ज्याला नुसत्या वाळूचा गोळा मुठीत दाबून ओल किती आहे ते कळायचं, तो आता एका इमारतीच्या गेटवर बसतो.

तुमचे अभ्यास एका नोकरीमागे इतके लाख डॉलर असा हिशोब मांडतात. माझ्या सव्वाशे माणसांचं मोल कुठल्या रकान्यात मांडलंय? स्वस्त माल आला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. कुणी विचारलं नाही की या स्वस्ताईची पावती कुणाच्या नावावर फाटतेय. शुल्क लागलं की लगेच असे चर्चेचे धागे निघतात.

पाचर

ऐरणशी सहमत, आणि इतिहासही त्यांच्याच बाजूने आहे. आज खुल्या व्यापाराची प्रवचनं देणारे देश स्वतः कसे मोठे झाले ते बघा. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९१ मध्ये कारखानदारीवरचा अहवाल लिहिला, त्यात नव्या उद्योगांना सुरुवातीला आडोसा द्या हाच मुद्दा. जर्मनीत अर्थतज्ज्ञ फ्रिडरिश लिस्ट तेच म्हणाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ च्या व्याख्यानात युरोपचं अर्थशास्त्र जसंच्या तसं इकडे चिकटवू नका म्हणून बजावलं, त्यामागे हेच होतं. आणि खुला व्यापार म्हणवणारे किती खुले असतात? १८९६ मध्ये भारतात येणाऱ्या विलायती कापडावर साडेतीन टक्के शुल्क होतं, तर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना बोचू नये म्हणून भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर लावला.

दक्षिण कोरिया आडोसा देऊनच गाड्या बनवायला शिकला. अर्थशास्त्रवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

शाईचा डाग

पाचर, कोरियाबद्दल वाद नाही. पण कोरियाने आडोसा दिला आणि सोबत छडीही दाखवली. परदेशात विकून दाखवा, नाहीतर स्वस्त कर्ज बंद. ह्युंदाईची पोनी ही गाडी १९७५ ला निघाली आणि पुढच्याच वर्षी बाहेर विकायला लागली. ब्राझीलनेही १९८४ च्या कायद्याने संगणकांना आडोसा दिला होता, छडीशिवाय. देशी संगणक महाग आणि मागासलेले राहिले, त्यावर चालणारे बाकीचे धंदेही मागे पडले, आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला तो आडोसा काढावा लागला. त्यामुळे 'शुल्क हवं की नको' यावर मी वाद घालत नाही. किती वर्षं आणि कशाच्या बदल्यात, हे कुणी लिहून देत असेल तर बोलू.

ऐरण, तुमचं म्हणणं मी बाजूला टाकणार नाही. आमच्या विषयाने बरीच वर्षं नेमकी हीच चूक केली. एकीकडे नोकरी गेली तर माणूस दुसरीकडे जाईल, असं गृहीत धरलं. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी २०१३ मध्ये दाखवलं की चिनी मालाचा फटका अमेरिकेत सगळीकडे सारखा पसरला नाही. ठरावीक भागांवर तो कोसळला आणि तिथे रोजगार आणि पगार वर्षानुवर्षं सावरले नाहीत. लोक हलले नाहीत. घर, म्हातारे आईवडील, पोरांची शाळा, कोण हलणार? स्वस्ताई सगळ्यांना चिमूटभर मिळाली, आणि किंमत थोड्यांनी अख्खी मोजली.

मग शुल्काने ते परत आलं का? याच मंडळींनी २०२४ मध्ये तेही तपासलं. २०१८-१९ च्या शुल्कांनी संरक्षण मिळालेल्या भागांत रोजगार वाढल्याचं दिसलं नाही. समोरच्या देशांनी उलट शुल्कं लावली, त्यांनी मात्र रोजगाराला फटका बसला, मुख्यतः शेतीत. तरीही त्या संरक्षित भागांत शुल्क लावणाऱ्यांना निवडणुकीत जास्त मतं मिळाली.

ऐरण

वाढणारच. सव्वाशे माणसांच्या गेटवर एकही पुढारी फिरकला नव्हता. कुणीतरी निदान दार आपटून दाखवलं, एवढ्यावरही माणूस मत देतो. भट्टी पेटत नाही त्याने, हे मलाही कळतं.

पाचर

हा प्रतिसाद जिव्हारी लागला. माझा मुद्दा सोडत नाही, पण आज पुरता गप्प बसतो.

वजाबाकी

ऐरण, तुमची फाउंड्री आणि माझं वर्कशॉप एकाच शुल्काच्या दोन टोकांना आहेत. ज्याला तुम्ही तयार माल म्हणता तो माझा कच्चा माल. तुमच्या पार्टला वाचवायला शुल्क लावलं की माझा कंट्रोलर महागतो.

काल रात्री कागद घेऊन बसलो. तयार कंट्रोलर बाहेरून १०० ला येतो समजा. त्यावर शुल्क १० टक्के, म्हणजे मला ११० पर्यंत विकता येतं; १० चा आडोसा मिळाला. पण आत बाहेरचे पार्ट ६० चे, त्यांवर शुल्क २० टक्के, म्हणजे १२. आडोसा १० चा आणि भुर्दंड १२ चा. माझी स्वतःची भर ४० ची, त्यातून २ गेले. म्हणजे मला उणे ५ टक्के संरक्षण आहे! यापेक्षा तयार डबा आणून वर माझं स्टिकर चिकटवलं तर जास्त सुटेल, सहा माणसांची गरजच नाही.

शाईचा डाग

शाब्बास. याला पुस्तकात 'प्रभावी संरक्षण दर' म्हणतात. मॅक्स कॉर्डनने १९६६ मध्ये जे मांडलं ते तुम्ही चिडून एका रात्रीत काढलंत. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी शुल्क, ही उलटी रचना छोट्या जोडणीवाल्यांची मान बरोबर पकडते. पार्ट बनवणारे कारखाने मोजके आणि मोठे, ते संघटना करून सरकारदरबारी जाऊ शकतात. जोडणीवाले हजारो, विखुरलेले. तुम्ही कुठे जाणार?

दुपारची झोप

धाग्यावर. दुसरं कुठे?

कोरा कागद

अवांतर वाटेल, पण मोठा आणि छोटा यातला फरक आमच्या कामात सगळ्यात उघडा पडतो. शुल्काचा दर ठरतो वस्तूला दिलेल्या आकडी कोडवर. जगभर एकच पद्धत, १९८८ पासूनची, पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढचे देशागणिक. वस्तू कुठल्या खणात बसते यावर सगळा खेळ.

टोमॅटो फळ की भाजी, हा प्रश्न १८९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता, कारण भाजीवर १० टक्के शुल्क आणि फळांना माफी. न्यायालय म्हणालं, शास्त्राने फळ असेल, लोक जेवणात भाजी म्हणून खातात, भरा शुल्क. २००३ मध्ये एका खेळणी कंपनीने कोर्टात भांडून सिद्ध केलं की कॉमिक्समधल्या एक्स-मेन हिरोंचे पुतळे माणसांचे नाहीत, म्हणून त्या बाहुल्या नव्हेत, खेळणी आहेत. बाहुलीवर १२ टक्के, खेळण्यावर ६.८. आपलेच हिरो माणूस नाहीत म्हणून शपथेवर सांगायचं!

आणि फोर्डची गोष्ट. युरोपने अमेरिकी कोंबडीवर शुल्क वाढवलं, त्याचा वचपा म्हणून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरच्या छोट्या मालवाहू गाड्यांवर २५ टक्के लावले. कोंबडीचं भांडण केव्हाच विसरलं, शुल्क आजही आहे. फोर्ड तुर्कस्तानातून आपली व्हॅन आणायची ती मागच्या सीट आणि खिडक्यांसकट, म्हणजे प्रवासी गाडी, शुल्क २.५ टक्के. बंदरावर उतरली की सीट उचकटून काढायच्या, काचेच्या जागी पत्रा. झाली मालवाहू. बरीच वर्षं चाललं, शेवटी कोर्टात हरले आणि २०२४ मध्ये ३६ कोटी ५० लाख डॉलर देऊन मिटवलं.

हे करायला वकील लागतात, इंजिनिअर लागतात, हरलो तर भरायला पैसे लागतात. माझ्याकडे येणारा छोटा आयातदार कोड कसा भरतो? मागच्या वेळी जो होता तोच. चुकीच्या खणात जास्त शुल्क भरत राहिलेले लोक मी पाहिलेत, वर्षानुवर्षं. परतावा मागायची मुदत उलटून गेलेली असते.

खिडकीतली सीट

बापरे. म्हणजे मी सगळ्या साखळीत शेवटची, आणि माझ्यासाठी कुणी वकील नाही.

शाईचा डाग

तुमच्यासाठी आणखी एक. शुल्काचा दर श्रीमंत-गरीब बघत नाही असं वाटतं, पण बघतो आणि बऱ्याचदा उलटा बघतो. अमेरिकेच्या दरपत्रकात ॲक्रिलिकच्या स्वेटरवर ३२ टक्के, लोकरीच्या स्वेटरवर १६ आणि काश्मिरी पश्मिन्याच्या स्वेटरवर ४. हे २०१८ किंवा २०२५ चं भांडण नाही, जुनंच आहे. महाग माल तिथे बनवणारे कमी, म्हणून त्याच्यासाठी कुणी आडोसा मागितला नाही. वर कमी कमाईवाल्याच्या मिळकतीतला जास्त हिस्सा वस्तूंवरच जातो.

पाचर

गप्प बसणार होतो, पण एक भर. उलट शुल्काबद्दल कुणी बोलेना. तुम्ही लोखंड वाचवायला शुल्क लावता, समोरचा तुमच्या शेतकऱ्याला गाठतो. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के लावले आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. अमेरिकेला शेतकऱ्यांसाठी दोन वर्षांत मिळून २८ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर करावी लागली. त्या सोयाबीनच्या शेतकऱ्याने कुणाचं काय केलं होतं?

१९३० मध्येही हेच झालं. अमेरिकेचा अध्यक्ष हूव्हरला १०२८ अर्थतज्ज्ञांनी पत्र लिहून सांगितलं, शुल्कवाढीच्या कायद्यावर सही करू नका, त्याने केली. कॅनडाने लगेच उलट लावलं. (महामंदी त्या शुल्कामुळे आली असं काही जण ठोकून देतात, ते चूक. मंदी १९२९ लाच सुरू झाली होती. पण बुडत्याच्या पाठीवर आणखी एक गोणी ठेवली, एवढं खरं.)

दुपारची झोप

पाचर बाजू बदलतायत. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

पाचर

बाजू तीच आहे हो. आडोसा हवा, पण डोळे मिटून नको.

खिडकीतली सीट

माझी मावसबहीण हाताने विणलेल्या वस्तू अमेरिकेत पोस्टाने पाठवायची. एकेक नग, थेट गिऱ्हाइकाला. आता बंद. तिला कुणी शुल्काचं बिल पाठवलं नाही, नुसतं पार्सल घेणंच थांबलं. हे कसं काय?

कोरा कागद

तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला शुल्क माफ होतं, २०१६ पासून. चीन आणि हाँगकाँगसाठी ते मे २०२५ मध्ये काढलं, बाकी सगळ्या जगासाठी २९ ऑगस्ट २०२५ ला. आता प्रत्येक छोट्या पाकिटामागे शुल्क गोळा करायचं, ते कुणी करायचं याची तयारी टपाल खात्यांकडे नव्हती, म्हणून बऱ्याच देशांच्या टपाल खात्यांनी काही काळ पार्सलं घेणंच थांबवलं. कंटेनर पाठवणाऱ्याला फक्त दर बदलला. एकेक नग पाठवणाऱ्याचा रस्ताच उखडला.

आता पाठवता येत असेल तरी तिला एक सांगा. पार्सलवर 'शुल्क पाठवणारा भरेल' की 'घेणारा भरेल' हे आधी ठरवायचं आणि गिऱ्हाइकाला लिहून कळवायचं. दारात आलेला कुरिअरवाला अचानक पैसे मागतो तेव्हा बरेच लोक पार्सल परत पाठवतात, आणि परतीचं भाडंही तिच्याच माथी.

वजाबाकी

दोन दिवस धाग्यावर नव्हतो, कारण वर्कशॉपमध्ये याच गोष्टी चालू होत्या. इथे वाचून तीन कामं केली, सांगतो.

पुरवठादाराला फोन केला, थोडी किंमत उतरव म्हटलं. तो म्हणाला उतरवतो, ऑर्डर तिप्पट कर. तिप्पट माल म्हणजे तिप्पट ड्यूटी, तीही आज. नको म्हटलं.

कोटेशनवर 'दर तीन महिने कायम' असं छापलेलं असायचं. ते खोडून 'सात दिवस' केलं. सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, तुमचा माझ्यावर भरवसा नाही का? भरवसा तुमच्यावर आहे हो, सरकारच्या पुढच्या अधिसूचनेवर नाही, असं म्हणालो तेव्हा हसला. जुन्या ऑर्डरचा फरक निम्मा तो देणार, निम्मा मी. पुढची ऑर्डर मात्र 'बघू' म्हणाला. मला टक्के वाढले तरी चालतील एक वेळ, पण वर्षभर तेच राहतील असं कुणी सांगेल का? आम्ही एक नवा टेस्टिंग बेंच घेणार होतो. पुढच्या महिन्यात दर काय असेल ते माहीत नसताना कोण घेईल?

ऐरण, तुमच्या मोल्डरला कास्टिंग सोडून पत्र्याचं काम जमेल का? डब्याचा पत्रा आम्हीच प्रेस करतो, तिथे हातात अंदाज असलेला माणूस मिळत नाहीये. पगार फाउंड्रीएवढा देऊ शकणार नाही, आधीच सांगतो.

ऐरण

विचारतो त्याला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वजाबाकी

केला. कोरा कागद, तुम्हालाही व्यनि केलाय. रिलेचे जुने कागद काढून पाहिले, चार वर्षं आम्ही एकच कोड भरतोय आणि तो मुळात कुणी ठरवला ते कुणालाच आठवत नाही. एजंट म्हणतो असाच चालतो. बघा जरा.

कोरा कागद

पाहिला. व्होल्टेज किती आहे ते कळवा, साठच्या आत असेल तर खण वेगळा आहे. आणि शेवटची पावती कुठल्या तारखेची, तेही लगेच सांगा. मुदत मोजावी लागेल.